वीज जाणार हे गृहीत धरून: तालुका वाचनालयातील स्पर्शपडद्याचे एक प्रकरण

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावातले हे सार्वजनिक वाचनालय. पुस्तके तीसेक हजार, काउंटरवर दोन माणसे, आणि संध्याकाळी पाचनंतर सभासदांची गर्दी. प्रत्येकाचा प्रश्न साधारण एकच असतो: अमुक पुस्तक आहे का, आणि असेल तर कपाटात आहे की कुणी नेले आहे? हे उत्तर काउंटरवरच्या संगणकात असते, पण त्यासाठी सहायकाला हातातले काम सोडावे लागते. म्हणून दाराजवळ एक स्पर्शपडदा बसवायचा ठरला. वाचकाने स्वतः नाव टाकावे. दाखल क्रमांक, कपाट क्रमांक आणि 'आत' किंवा 'बाहेर' एवढे त्याला दिसावे.

काम वरवर सोपे आहे: पडदा, छोटा संगणक आणि पूर्ण पडदाभर उघडलेले एक वेबपान. पण अशा यंत्राजवळ माऊस नसतो, कीबोर्ड नसतो आणि बिघाड ओळखणारा माणूसही नसतो. शिवाय रात्री कुलूप लावताना शिपाई मेन स्विच पाडून जातो, आणि दिवसाही वीज दोनतीनदा जाते. या प्रकरणातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी विजेच्या या ये-जा करण्यातून आल्या. उरलेल्या मराठी शोधातून आल्या.

काय घेतले आणि काय नाकारले

सर्वांत आधी अँड्रॉइड टॅबलेटचा विचार झाला आणि तो सोडून दिला. टॅबलेट कायम चार्जरवर राहिला की बॅटरी फुगू शकते, आणि लाकडी चौकटीत बंद केलेली फुगलेली बॅटरी हा धोकाच आहे. मिनी पीसी चालला असता. तो घेतल्यास बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'वीज परतल्यावर आपोआप सुरू' हा पर्याय आहे की नाही ते खरेदीपूर्वी पाहावे. इथे रास्पबेरी पाय ४ (४ जीबी) हा एका पट्टीवरचा छोटा संगणक (पुढे नुसता 'पाय') घेतला, कारण वीज मिळताच तो बटण न दाबता सुरू होतो आणि त्याचा खप ५ ते ७ वॅट आहे.

बाकी सामान असे: २१.५ इंची, १९२० गुणिले १०८० चा, दहा बोटे ओळखणारा कपॅसिटिव्ह टच मॉनिटर. पायचा स्वतःचा ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर. ३२ जीबीचे 'हाय एन्ड्युरन्स' मेमरी कार्ड आणि तसेच एक जादा. नाणे-बॅटरी असलेले डीएस३२३१ घड्याळ. मायक्रो एचडीएमआय केबल. आणि दीड मीटरची चांगली यूएसबी केबल. यूएसबी २.० ची मर्यादा ५ मीटर असली तरी स्वस्त केबल तीन मीटरवरच स्पर्श गाळू लागते, म्हणून संगणक पडद्याच्या पाठीलाच ठेवावा. फोनचा चार्जर पायला लावण्याचा मोह आवरावा. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह उमटते आणि प्रोसेसर मंदावतो. 'व्हीसीजेनसीएमडी' या आज्ञेने थ्रॉटलिंगची, म्हणजे वेग मंदावण्याची, स्थिती विचारता येते. उत्तर शून्य आले तर ठीक. शून्य क्रमांकाचा बिट चढला असेल तर व्होल्टेज आत्ता कमी आहे, आणि सोळा क्रमांकाचा चढला असेल तर सुरू झाल्यापासून कधीतरी कमी पडले होते.

इन्फ्रारेड चौकटीचा पडदा स्वस्तात मिळत होता. त्यात काचेसमोरून अदृश्य किरणांची जाळी जाते आणि ती जिथे अडते तिथे स्पर्श समजला जातो. माशी बसली, धूळ साचली किंवा दारातून थेट ऊन आले तरी त्याला बोटच वाटते. शिवाय दसऱ्याला यंत्राला हार घातला जाणार हे नक्की, आणि इन्फ्रारेड चौकटीवर लोंबणारा झेंडूचा हार म्हणजे दिवसभर दाबून धरलेले बटण. कपॅसिटिव्ह पडद्याला हाराचे सहसा काही वाटत नाही. फक्त कुंकवाचे ओले बोट काचेऐवजी चौकटीला लावावे.

उभा पडदा आणि चौकट

पुस्तकांची यादी लांबट असते, म्हणून पडदा उभा बसवला. उभ्यात २१.५ इंची पडदा साधारण २६८ मिमी रुंद आणि ४७६ मिमी उंच भरतो. खालची कड जमिनीपासून ८५० मिमीवर ठेवली, म्हणजे वरची कड १३२५ च्या आसपास येते. बोट लागणाऱ्या सगळ्या गोष्टी पडद्याच्या खालच्या दोनतृतीयांशात आणि १२०० मिमीच्या खाली ठेवल्या, कारण व्हीलचेअरवरून हात साधारण तिथवरच पोहोचतो. वरच्या भागात फक्त निकाल आणि सूचना.

या पडद्यावर एक पिक्सेल साधारण ०.२५ मिमीचा. बटण २० मिमीचे हवे असेल तर ८० पिक्सेल ठेवावे लागतात. ऑफिसच्या मॉनिटरवर ४० पिक्सेलचे बटण पुरेसे दिसते. इथे त्यावर आजोबांचे बोट चारदा चुकते.

चौकट १८ मिमी प्लायवुडची. खाली आणि वर वाऱ्याच्या फटी, आणि दोन्हींवर बारीक जाळी. जाळी पालींसाठी. उबदार, अंधारी, कुणी न उघडणारी जागा पालीला फार आवडते, आणि ती सर्किटवर आडवी पडली की काय होते ते वायरमन लोकांना माहीत आहे. बहुतेक घरगुती मॉनिटरच्या माहितीपत्रकात कमाल ४० अंशांची मर्यादा दिलेली असते. मे महिन्यात तेवढे तापमान खोलीतच असते, म्हणून चौकट पश्चिमेच्या भिंतीवर लावली नाही आणि संगणकाला धातूची, पंख्याची पेटी दिली. पाय ८० अंशांवर स्वतःचा वेग कमी करू लागतो.

पडदा उभा केला की चित्र फिरते, पण स्पर्श फिरतोच असे नाही. बोट उजवीकडे आणि टिंब वर, असा प्रकार दिसतो. २०२३ च्या 'बुकवर्म' आवृत्तीपासून पायची प्रणाली वेलँड या नव्या पडदा-व्यवस्थेवर गेली, त्यामुळे जुन्या लेखांतली एक्सइनपुट या आज्ञेची कृती तिथे लागू पडत नाही. स्पर्शपडद्यासाठी यूडेव्हच्या (जोडलेली उपकरणे ओळखणाऱ्या सेवेच्या) नियमात 'लिबइनपुट कॅलिब्रेशन मॅट्रिक्स' द्यावा लागतो. घड्याळाच्या दिशेने ९० अंशांसाठी सहा आकडे असे: ० -१ १ १ ० ०. उलट दिशेसाठी: ० १ ० -१ ० १. चारही कोपऱ्यांना बोट लावून पाहावे. मधोमध लावून काहीच कळत नाही.

दुपारी आपोआप उघडणारी पाने

बसवणीनंतरच्या आठवड्यात तक्रार आली की पडदा स्वतःच बटणे दाबतो. सकाळी ठीक, दुपारी बिघडतो. पहिला संशय मॉनिटरवर गेला, आणि दुकानदार बदलून द्यायलाही तयार होता. पण दुपारी बिघडणे हाच खरा धागा होता, कारण दुपारी वीज जायची आणि वाचनालय इन्व्हर्टरवर चालायचे.

कपॅसिटिव्ह पडदा बोटामुळे होणारा विद्युतधारितेतला अगदी सूक्ष्म बदल मोजतो, आणि ते मोजमाप यंत्राच्या 'जमिनी'च्या तुलनेत असते. मॉनिटरचा दोन पिनांचा अडॅप्टर अर्थिंगला जोडलेलाच नसतो. त्याच्या आतल्या छोट्या कपॅसिटरमधून मेनची थोडी गळती बाहेरच्या बाजूला येते आणि सगळा पडदा जमिनीच्या तुलनेत हेलकावत राहतो. त्यात साधा इन्व्हर्टर गुळगुळीत लहर न देता चौकोनी लहर देतो. तिच्या कडांचा गोंगाट स्पर्शनियंत्रकाला बोटांसारखा भासतो.

ओळखायची कृती सोपी आहे. पडदा उड्या मारत असताना दुसऱ्या हाताने यूएसबी प्लगचे धातूचे कवच धरावे. स्पर्श लगेच शांत झाला तर दोष पडद्यात नसून अर्थिंगमध्ये आहे. इथे तसेच झाले. मग वायरमनकडून बोर्ड तपासून घेतला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास आणि फेज ते अर्थ तेवढेच दिसायला हवे, न्यूट्रल ते अर्थ दोनतीन व्होल्टच्या आत. बोर्डाला तीन भोके होती, पण तिसऱ्याच्या मागे तारच नव्हती. अशी बोर्डे जुन्या इमारतींत जागोजाग सापडतात.

मुख्य अर्थिंगपासून नवी तार ओढली आणि मॉनिटरच्या मागच्या धातूच्या चौकटीपासून १.५ चौरस मिमीची हिरवी तार बोर्डाच्या अर्थ पिनेला जोडली. मेनवरचा त्रास पूर्ण गेला, इन्व्हर्टरवरचा बराच कमी झाला, पण संपला नाही. पुढे दोन वाटा होत्या: साइन वेव्ह इन्व्हर्टर घेणे, किंवा पडदा इन्व्हर्टरवरून काढून टाकणे. छोटा यूपीएस हा तिसरा मार्ग वाटतो, पण ६०० व्हीएचे स्वस्त यूपीएसही बॅटरीवर बहुधा चौकोनी लहरच देतात, आणि दर दोनतीन वर्षांनी त्यांची बॅटरी बदलायची कोणी लक्षात ठेवत नाही.

पडदा इन्व्हर्टरवरून काढला. वीज गेली की तो बंद पडतो, आली की सुरू होतो, आणि शेजारी 'वीज आल्यावर पडदा आपोआप सुरू होईल' अशी पाटी आहे. शोधयंत्र हे दवाखान्यातले यंत्र नव्हे. अर्धा तास बंद राहिले तर सहायक आहेच. वीज टिकवण्यावर खर्च करण्यापेक्षा वीज गेल्याने काही बिघडणार नाही अशी रचना करणे इथे स्वस्त आणि भरवशाचे पडले. मात्र मग ती रचना खरोखर तशी करावी लागते.

अचानक बंद, अचानक सुरू

लिहिणे चालू असताना वीज गेली की मेमरी कार्डावरची फाइल व्यवस्था मोडते. उपाय म्हणजे ओव्हरले फाइल सिस्टीम. रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंग-कार्यक्रमात 'परफॉर्मन्स' विभागात ती सुरू करता येते. त्यानंतर कार्ड केवळ वाचले जाते. सगळे लिखाण रॅममध्ये होते आणि वीज गेली की नाहीसे होते. ब्राउझरचा 'मागची पाने परत उघडू का?' हा प्रश्नही त्यामुळे कायमचा मिटतो. ही पायरी अगदी शेवटी करावी. ओव्हरले सुरू असताना केलेली प्रत्येक दुरुस्ती पुढच्या सुरुवातीला गायब होते, आणि आपण काल काय केले होते असा प्रश्न पडतो.

ओव्हरलेमुळे एक वेगळाच दोष उघड झाला. पाय ४ ला स्वतःचे घड्याळ नाही. बंद होताना शेवटची वेळ एका फाइलीत लिहून ठेवायची आणि सुरू होताना ती वाचायची, अशी त्याची सोय असते. ओव्हरलेखाली ती फाइल गोठलेली राहते. म्हणून इंटरनेट नसलेल्या सकाळी पडदा ओव्हरले सुरू केल्याच्या तारखेलाच जागा होत होता, आणि तो रविवार असल्याने 'आज वाचनालय बंद' अशी सूचना दाखवत होता. डीएस३२३१ आधी 'नंतर बसवू' म्हणून बाजूला ठेवले होते. ते जोडल्यावर हा प्रश्न संपला.

दुसरा दोष काळ्या पडद्याचा. वीज परतल्यावर पाय मॉनिटरच्या आधी जागा व्हायचा, पडदा जोडलेला नाही असे समजायचा आणि चित्रच पाठवायचा नाही. जुन्या लेखांत 'एचडीएमआय फोर्स हॉटप्लग' सुचवलेले असते. नव्या चित्रप्रणालीत त्याचा उपयोग होत नाही. सुरुवातीच्या आज्ञा-ओळीत एचडीएमआय-ए-१ साठी आकारमान देऊन शेवटी 'डी' अक्षर जोडावे, म्हणजे पडदा दिसो न दिसो, चित्र पाठवले जाते. मॉनिटर कोणताही असो, घेण्यापूर्वी दुकानातच प्लग काढून परत लावून पाहावे. काही मॉनिटर वीज परतल्यावर लाल दिवा लावून बसतात आणि बटण दाबेपर्यंत उठत नाहीत. असा मॉनिटर या कामाला कुचकामी.

क्रोमियम ब्राउझर सिस्टमडी या, कार्यक्रम सुरू करून सांभाळणाऱ्या, व्यवस्थापकाच्या सेवेतून सुरू केला आणि तो पडला की पुन्हा उठावा असे सांगितले. तरी कधीकधी तो उठेना. कारण सिस्टमडीच्या मूळ सेटिंगमध्ये आहे. पुन्हा सुरू करण्यापूर्वी तो फक्त १०० मिलिसेकंद थांबतो, आणि १० सेकंदांत पाच वेळा अपयश आले की नाद सोडतो. चित्रप्रणाली तयार होण्यापूर्वी ब्राउझरचे पाच प्रयत्न एका श्वासात संपत होते. थांबण्याचा वेळ ५ सेकंद केला आणि प्रयत्नांची मर्यादा शून्य, म्हणजे अमर्याद, ठेवली. शिवाय हार्डवेअर वॉचडॉग (संगणक गोठला की तो पुन्हा सुरू करणारी सोय) १० सेकंदांवर लावला. पायमध्ये त्याची कमाल मुदत १५ सेकंदांच्या आसपासच आहे.

वीज परत येताना एकदा येऊन थांबत नाही. दोनतीनदा येते-जाते, आणि पहिल्या झटक्याला व्होल्टेज चढलेले असते. त्यासाठी फ्रिजला लावतात तसा, तीन मिनिटे थांबून वीज सोडणारा स्टॅबिलायझर मध्ये घातला. सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी भाग.

ब्राउझरला बांधून ठेवणे

क्रोमियम 'किऑस्क' (पूर्ण पडदाभर, बाहेर पडता न येणारा) आणि 'इनकॉग्निटो' (इतिहास न ठेवणारा) पर्यायांसह चालतो. त्याखेरीज दोन बोटांनी मोठे करणे बंद, कडेवरून सरकवून मागे जाणे बंद, चूक झाल्याचे सांगणाऱ्या खिडक्या बंद, आणि भाषांतराची सोय बंद. पान मराठीत आणि ब्राउझर इंग्रजीत असला की 'भाषांतर करू का?' ही खिडकी उगवते, आणि लोक तीच दाबत बसतात. पानाच्या शैलीपत्रकात मजकूर निवडणे बंद केले, नाहीतर बोट दाबून धरले की निवडीची चौकट आणि मेनू येतो. पानावर बाहेरचा एकही दुवा नाही. यूएसबीची मोकळी तोंडे चौकटीच्या आत आहेत.

साठ सेकंद कोणी हात लावला नाही तर 'अजून पाहत आहात का?' असे विचारून पंधरा सेकंदांनी पान मूळपदावर येते. सभासद क्रमांक टाकण्याची सोय मुद्दाम ठेवली नाही. कोण काय वाचतो हे पाठीमागच्या माणसाला दिसायचे कारण नाही.

'काळ' शोधले, 'केळी' सापडली

पुस्तकांची यादी काउंटरच्या संगणकातून स्थानिक जाळ्यावरून येते आणि पायवर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये बसते. इंटरनेट लागत नाही. सकाळी काउंटरचा संगणक उशिरा सुरू होतो, म्हणून पाय दर दहा मिनिटांनी विचारत राहतो आणि तोवर कार्डावरची जुनी यादी दाखवतो. यादी कोणत्या तारखेची आहे ते पानाच्या तळाशी छापलेले असते.

शोधासाठी एसक्यूलाइटची एफटीएस५ ही मजकूर-शोधाची सोय वापरली आणि निकाल चमत्कारिक आले. 'काळ' टाकले की 'कोळी', 'केळी', 'कुळ' सगळे हजर. एफटीएस५ चा नेहमीचा शब्दतोड्या फक्त अक्षरे आणि अंक शब्दाचा भाग मानतो. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त 'चिन्हे' या गटात येतात, त्यामुळे तो त्यांना मोकळी जागा समजतो. 'काळ' त्याच्या लेखी 'क' आणि 'ळ' असे दोन शब्द. 'पुस्तक' म्हणजे 'प', 'स' आणि 'तक'. इंग्रजीत हे कधी लक्षातच येत नाही. सारणी तयार करताना वर्गांच्या यादीत 'एमएन' आणि 'एमसी' हे दोन चिन्हगट जोडले की शब्द अखंड राहतात.

तरी अर्धे काम बाकी होते. मराठीत एकच दिसणारे अक्षर अनेक प्रकारांनी टंकलेले असते. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या नोंदींत कुठे 'अ' ला वरून चंद्र जोडलेला, कुठे हिंदीतला 'ऍ'. 'वाऱ्या' मधला अर्धा र कुणी 'ऱ' पासून केलेला, कुणी 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्याला एक, संगणकाला वेगळे. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत एक 'शोधरूप' रकाना ठेवला. त्यात अदृश्य चिन्हे आणि नुक्ते काढलेले, 'ॲ' एकाच रूपात, ऱ्हस्व-दीर्घ एकत्र, आणि वर्गीय व्यंजनापूर्वीचे अनुनासिक अनुस्वारात बदललेले. वाचकाने टाकलेला शब्दही याच गाळणीतून जातो. पडद्यावर मात्र मूळ नोंदच दिसते. शुद्धलेखनाची परीक्षा शोधखिडकीत घेऊ नये.

१९९० च्या दशकापासूनच्या काही नोंदी जुन्या, युनिकोडपूर्व फाँटच्या सांकेतिकीत होत्या. त्या बदलून घेताना पहिली वेलांटी आणि रफार हमखास चुकीच्या जागी जातात. सगळ्या नोंदी वाचणे शक्य नव्हते, म्हणून तीन कसोट्या लावल्या: शब्दाची सुरुवात मात्रेने होते का, दोन स्वरचिन्हे लागोपाठ येतात का, आणि मध्येच रोमन अक्षर शिरले आहे का. यांत सापडलेल्या नोंदी हाताने दुरुस्त केल्या.

कीबोर्ड पानातच बनवला. इनस्क्रिप्ट या प्रमाण भारतीय कीबोर्डाची मांडणी सरकारी टंकलेखकाला येते. वाचकाला वर्णमाला येते. म्हणून ३६ व्यंजने क ते ज्ञ अशी चार ओळींत, खाली स्वरांची एकच ओळ, आणि 'जोड', 'पुसा', 'नवे' ही बटणे. व्यंजनानंतर स्वर दाबला की तो मात्रा होऊन बसतो: 'द', 'ए' दाबले की 'दे'. त्यावर 'ऊ' दाबले तर मात्रा आधीच असल्याने पूर्ण 'ऊ' येतो, आणि 'ळ' दाबला की 'देऊळ' तयार. फक्त 'मऊ', 'सई' अशा शब्दांत अडते. तिथे मध्ये 'अ' दाबावा लागतो. दुसऱ्या अक्षरापासूनच निकाल दिसू लागतात, त्यामुळे पूर्ण नाव बहुधा कोणी टाकतच नाही.

हाती देण्यापूर्वी आणि नंतर

चालू यंत्राचा प्लग कमीत कमी वीस वेळा उपटून पाहिल्याशिवाय ते ताब्यात देऊ नये: सुरू होताना, शोध चालू असताना, यादी येत असताना. स्टॅबिलायझरची तीन मिनिटे सोडली तर पाऊण ते एक मिनिटात शोधपान दिसले पाहिजे, दरवेळी, हात न लावता.

पुसण्याचे काम सकाळी पडदा सुरू होण्याआधी, किंचित ओलसर मायक्रोफायबर कापडाने. पाणी कापडावर घ्यायचे, काचेवर फवारायचे नाही. ते खालच्या कडेतून आत जाते. दर महिन्याला जाळीवरची धूळ झटकायची. नवी प्रणाली-आवृत्ती आली म्हणून लगेच चढवायची नाही. चालत्या यंत्राचे अद्ययावतीकरण आधी जादा कार्डावर करून पाहायचे. ते दुसरे कार्ड ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणात, पाकिटावर तारीख लिहून ठेवलेले आहे. पडदा उठलाच नाही तर मेन बंद करायचा, चौकटीची खालची फळी काढायची, कार्ड बदलायचे आणि मेन सुरू करायचा. ही चार वाक्ये फळीच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत चिकटवली आहेत.